चतुराबाईंच्या उखळाचं समीकरण

मिक्सर जळला नसता, तर ज्ञानू सरवदे सरांवर हवालदारापुढं उभं राहून सरळ रेषेचं समीकरण सोडवून दाखवायची पाळी आली नसती. पण मिक्सर जळला, आणि तोही शेंगदाण्याच्या चटणीपायी. इतक्या फालतू कारणानं आपली बदनामी व्हावी, याचं सरांना शेवटपर्यंत वाईट वाटलं.

सर म्हणजे इंदापूरच्या एका हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून रिटायर झालेला माणूस. मुलगा सुमित पुण्याला नोकरीत. बायको चतुराबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून सर छबूबाईंच्या डब्यावर होते. डब्यात वांगं असो नाहीतर दोडका, चव एकच. एकदा सरांनी तसं भीतभीत सुचवून पाहिलं, तर छबूबाई म्हणाल्या, "सर, तुमच्याच तोंडाची चव गेलीया. माझ्या भाजीला कशाला नावं ठिवताय?" सर खाली मान घालून जेवायला लागले, कारण छबूबाईंचं खरंच होतं.

म्हणून मग एके दिवशी त्यांनी चटणी करायचं मनावर घेतलं. शेंगदाणे भाजले, म्हणजे निम्मे जाळले. लसूण, तिखट, मीठ टाकलं आणि बटण दाबलं. मिक्सर आधी किंचाळला, मग गप्प झाला आणि मग त्यातून धूर यायला लागला. धूर दिसताच शेजारचे आबाजी बादली घेऊन धावले. आबाजी हे यष्टी स्टँडवरचे रिटायर कंट्रोलर. घरात बायकोला चहा मागायचा तरी गाडी सुटतेय अशा सुरात मागायचे.

"सरवदे सर! पाणी घातलं होतं का पाणी?"

"चटणीत पाणी घालतात होय?"

"न्हाय घालत? मग हितं वतू का?" असं विचारत आबाजींनी बादली मिक्सरवर ओतलीसुद्धा. थोडाफार वाचला असता तो मिक्सरही त्यात गेला.

सर ओल्या ओट्यापुढं पाटावर बसले आणि त्यांना चतुराबाई आठवल्या. बाईंना तो मिक्सर कधीच आवडला नव्हता. "ह्यो निस्ता वराडतो," म्हणायच्या. "माझ्या उखळात घातलं असतं तर कवाच झालं असतं." हे उखळ होतं जुन्या कुंभेवाडीला. भीमेवर धरण झालं, कुंभेवाडी पाण्याखाली गेली, तेव्हा घरातलं सगळं ट्रॅक्टरात भरून आणलं. दारं आणली, पत्रे आणले, कोंबड्या आणल्या. उखळ तेवढं अंगणात चुन्यात पक्कं बसवलेलं, ते निघेना. सरांनी समजूत काढली होती, "जाऊ दे, इंदापुरात मिक्सर घेऊ." बाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. पुढं मात्र रोज बोलल्या.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फारच खाली गेलं होतं. जुनी गावं उघडी पडलीत, लोक बघायला जातायत, असं कानावर येत होतं. सरांनी ठरवलं: बाईंच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे त्यांच्या रीतीप्रमाणं पुण्यस्मरणाला, ते उखळ इंदापूरच्या दारात बसलेलं पाहिजे. भाषणं नकोत, हार नकोत. उखळ पाहिजे.

सुमितचा फोन आबाजींकडं यायचा. सरांनी त्याला मनातलं सांगितलं. ऐकून सुमित म्हणाला, "बाबा, मी नवीन मिक्सर पाठवून देतो." सरांनी फोन ठेवला. आबाजी शेजारीच कान देऊन उभे होते. "काय म्हणाला पोरगा?" "मजेत आहे," सर म्हणाले.

आता अडचण अशी, की कुंभेवाडी उघडी पडली तरी सरांचं घर गावात नव्हतंच. त्यांची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडं, आणि ती मातीची घरं पाण्यात विरघळून सपाट झालेली. सर एकदा जाऊन बघून आले. नजर जाईल तिथवर गाळ, भेगा आणि शिंपले. वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारावं, तर कुणी वारलेली, कुणी पुण्यात, आणि जी होती त्यांनी प्रत्येकानं वेगळ्याच दिशेला हात केला.

पण सर गणिताचे होते. त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जुन्या अंगणात ते स्टुलावर बसून वह्या तपासायचे, तेव्हा समोर देवळाचं शिखर बरोबर मांगीच्या डोंगराच्या टोकाखाली यायचं. इंचभर इकडं नाही की तिकडं नाही. त्या देवळात सरांच्या घराण्यातल्या कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं, टाकू दिलंही नव्हतं. पण शिखर काही झाकून ठेवता येत नाही, ते वस्तीवरूनही फुकट दिसायचं. म्हणजे बिंदू दोन झाले: शिखर आणि डोंगराचं टोक. दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते, हे सरांनी हजारो पोरांकडून घोकून घेतलेलं. ती रेषा मागं वाढवली की ती अंगणातून जाणार. संपला विषय.

विषय तिथंच सुरू झाला. शिखर कोसळून पडलेलं होतं, देवळाचं नुसतं जोतं राहिलं होतं. आणि मांगीच्या डोंगराला कुणीतरी खडीचा क्रशर लावला होता. सरांचा दुसरा बिंदू बारीक खडी होऊन हायवेवर पसरला होता आणि त्यावरून ट्रक चालले होते. डोळ्यानं बघून रेषा धरायची सोयच राहिली नव्हती. राहिला नकाशा. जुना, धरणाच्या आधीचा.

सर मोजणीच्या ऑफिसात गेले.

"गट नंबर?" कारकुनानं विचारलं.

"वस्तीला गट नंबर नव्हता. आम्ही गावठाणाच्या बाहेर होतो."

"मग नकाशात बी बाहेरच असणार."

"मला वस्ती नकोच. देऊळ आणि डोंगर दाखवा."

"देऊळ बुडीत. बुडीताचं सगळं बारामतीला."

बारामतीला जायचं म्हणजे यष्टी धरायची, आणि इथं सरांचं एक दुखणं होतं. चतुराबाई गेल्यापासून सरांना एकही यष्टी वेळेवर सापडली नव्हती. घड्याळ सरांच्या मनगटावर असायचं, पण निघायची वेळ झाली हे बाईच सांगायच्या. "निघा," एवढंच म्हणायच्या, आणि सर निघायचे. लग्नापासूनची सवय. आता सर तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसायचे. कुणी काही म्हणायचं नाही. मग कधीतरी दचकून उठायचे, तोवर गाडी गेलेली असायची. आबाजींच्या दृष्टीनं हा तर गुन्हाच होता. "अवो, मी जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्या, आन् माझ्या शेजाऱ्याची रोज चुकती! माझी काय इज्जत?"

त्या दिवशीही चुकली. सर मागच्या गाडीनं बारामतीला पोचले तेव्हा तिथला साहेब जेवायला गेलेला. आला तेव्हा त्यानं दात कोरत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, बुडीत जमीन पाण्याखाली आहे तोवर आमची. तुम्ही म्हणता पाणी ओसरलं. मग ती आता उघडी जमीन झाली. उघड्या जमिनीचं इंदापूरला."

"पण पावसाळ्यात पुन्हा बुडेल की."

"मग पावसाळ्यात या."

युक्तिवादात खोट काढता येईना, याचाच सरांना जास्त राग आला. परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. सरांनी सवयीनं पिशवी मांडीवरच ठेवली, शेजारी ठेवली नाही.

शेवटी नकाशा मिळाला तो त्यांच्याच शाळेत, भूगोलाच्या कपाटामागं. तालुक्याचा जुना भिंतीवरचा नकाशा, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. सुदैवानं उंदरांनी करमाळ्याची बाजू खाल्ली होती. नव्या गणिताच्या मेघना मॅडमनी तो दिला, होकायंत्रही दिलं, आणि "सर, वर्गावर या की एकदा," म्हणाल्या. "बघू," म्हणून सर घरी आले आणि आलेखाचा कागद पसरून बसले. वर्षभरात पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी मन लावून काही करत होतं.

देऊळ घेतलं आरंभबिंदूला, शून्य-शून्य. डोंगराचं टोक आलं पूर्वेला चार घरं, उत्तरेला तीन. चढ तीन छेद चार. समीकरण: 4y = 3x. इतकं सुबक समीकरण पाठ्यपुस्तकातसुद्धा मिळत नाही. सर स्वतःशीच खूश झाले आणि वर बघून म्हणाले, "बघ, आलं की नाही?" मग पुन्हा कागदाकडं वळले. वस्ती देवळाच्या उलट बाजूला, म्हणजे घर तिसऱ्या चरणात पडत होतं. तिथं दोन्ही निर्देशक ऋण.

एवढ्यात खिडकीत आबाजींचं डोकं उगवलं. जुना नकाशा, त्यावर लाल रेघ, कोपऱ्यात नवंकोरं फावडं. आबाजींनी आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाजही चार घरं ऐकायची.

"सर, किती हाय?"

"काय किती?"

"हंडा वो. मला तरी सांगा."

"आबाजी, उखळ आहे ते. उखळ!"

"असं व्हय," आबाजी डोळा मिचकावत म्हणाले. "बरं, आपण उखळच म्हणू."

ठरलेल्या दिवशी सर पहाटे उठून बसले, आणि यष्टी चुकलीच. पण दारात टेंपो उभा. त्यात आबाजी, त्यांचे दोन मेहुणे आणि निम्मी कॉलनी, प्रत्येकाच्या हातात फावडं. छबूबाईंनी तर सगळ्यांचे डबे बांधून घेतले होते. "सरांना एकटं कसं सोडायचं?" आबाजी म्हणाले. वर्षभर सरांना एकटं सोडलं होतं तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, हे सरांच्या मनात आलं. ते टेंपोत चढले.

कुंभेवाडीत काम शिस्तीत सुरू झालं. देवळाच्या जोत्यापासून होकायंत्र लावून चार दोऱ्या पश्चिमेला, मग तीन दोऱ्या दक्षिणेला, तिथं एक काठी. पुन्हा चार, पुन्हा तीन, पुन्हा काठी. काठ्यांची रांग ओढा ओलांडून सरळ निघाली आणि एका कलिंगडाच्या रानात शिरली.

हे रान जोतीरामचं. जोतीराम कुंभेवाडीचाच, पूर्वी मेंढरं राखायचा, आता पाणी मागं सरकेल तशी उघड्या गाळात कलिंगडं करायचा. तो हातातलं खुरपं घेऊनच आला.

"सर, ही रेघ माझ्या कलिंगडातनं का जाती? जरा वाकवा की."

"सरळ रेषा वाकत नसते, जोतीराम."

"मग दुसरी काडा."

"दोन बिंदूंतून दुसरी जात नाही."

"मग बिंदू हालवा!"

"एक तर हलवलाच आहे लोकांनी. खडी केली त्याची," सर चिडून म्हणाले. मग जरा मऊ होऊन विचारलं, "आमचं घर कुठं होतं, तुला आठवतं का?"

"आमी कुठं गावात हुतो? दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणाच्या अंगाला. यायचो ती पावसाळ्यात, तवा चिखलाबिगर काय दिसायचं न्हाय." जोतीरामनं डोकं खाजवलं. "वैनींनी एकदा ताक दिलं हुतं. पर कुठल्या दारात, ती न्हाय ध्येनात."

तेवढ्यात आबाजी काठ्यांच्या रांगेकडं बघत गरजले, "झाली रेघ? आता सांगा, खणायचं कुठं?"

"रेषेवर."

"रेषेवर कुठं?"

सरांनी हात कपाळावर धरून रेषेकडं पाहिलं. उन्हं डोक्यावर आली होती. काठ्यांची रांग गाळातून थेट पाण्यापर्यंत गेली होती, आणि समीकरणाचं विचाराल तर ती पाण्यातून पुढं बारामती करून कुठंही जायला मोकळी होती. घर या रेषेवर होतं, यात शंका नव्हती. पण रेषा केवढी! दोन बिंदूंतून रेषा मिळते, रेषेवरचा बिंदू मिळत नाही. त्याला दुसरी रेषा लागते. नववीतलं पोरगं सांगेल ही गोष्ट सर विसरले होते, आणि तीही निम्म्या कॉलनीदेखत.

"रेषेवर... कुठंही," सर पुटपुटले.

झालं. "कुठंही" म्हटल्यावर लोकांनी कुठंही खणायला सुरुवात केली. आबाजींच्या एका मेहुण्याला चपलेचा तळ सापडला. दुसऱ्याला पितळी तांब्या लागला, त्यावर सगळे तुटून पडले आणि ओढाओढीत कॉलनीतली दोन घरं एकमेकांशी कायमची बोलायची थांबली. जोतीराम या खड्ड्यातून त्या खड्ड्याकडं कलिंगडं उचलत पळत होता. आणि हे सगळं बघून कुणीतरी खबर दिल्यामुळं दुपारनंतर सायकलवरून एक हवालदार आला.

हवालदार दिसताच टेंपो सुरू झाला. आबाजींनी जन्मात एवढ्या वेळेवर गाडी सोडली नसेल. "आमी फकस्त बघायला आल्तो, म्होरकं ती सर हायेत," असं चालत्या टेंपोतून सांगून ते गेलेसुद्धा. सरांचा डबाही टेंपोतच गेला.

"सरकारी जागेत गुप्तधन?" हवालदारानं विचारलं.

सरांनी कागद दाखवला, शिखर सांगितलं, डोंगर सांगितला, चढ सांगितला. बोटानं गाळात अक्ष काढले. आयुष्यात इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता.

"बरं, बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडं सगळं घेतलं, तर पलीकडं काय ऱ्हातंय?"

"शून्य."

"मग शून्यासाठी एवढे खड्डे कशाला पाडले?" हवालदारानं सरांकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

हवालदारानं कागद सरांच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "जावा घरी, गुरुजी. ऊन लागलंय तुमाला." जाताना त्यानं जोतीरामकडून एक कलिंगड नेलं आणि प्रकरण मिटलं.

सर रानाच्या बांधावर बसले. अपमान झाला होता, भूक लागली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण खरोखरच हरलो, असं वाटत होतं. बाईंची एवढी एक गोष्ट करायची होती. तीही जमली नाही. परवा पुण्यस्मरणाला त्या बाईच्या फोटोपुढं काय तोंड घेऊन उभं राहायचं, हे त्यांना कळेना. जोतीरामनं खड्डे बुजवले, खुरपं धुतलं, आणि उन्हं कलली तसा जवळ येऊन म्हणाला, "चला सर. निघा आता."

सर एकदम उभे राहिले.

"काय म्हणालास?"

"निघा म्हनलं. का, चुकलं का काय?"

सरांना ते वर्षभरात पहिल्यांदा ऐकू आलं होतं. निघा. रोज सकाळी सर स्टुलावर, तोंड देवळाकडं. पाठीमागं चतुराबाई उखळापाशी, तोंड सडकेकडं. पाठीला पाठ, पण जरा तिरपी. बाई कांडता कांडता जुन्या पुलावर नजर ठेवायच्या. इंदापूरची यष्टी पुलाच्या शेवटच्या खांबापाशी उतरून वडाआड गेली, की हाक यायची: "अवो, वडाआड गेली. निघा." सर वह्या गोळा करून निघायचे आणि फाट्यावर पोचायचे, तेव्हा गाडी येतच असायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही. आणि इतक्या वर्षांत सरांनी एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं, कारण पाहायची गरजच नव्हती.

त्यांनी आता मान वळवली. जुन्या पुलाचा शेवटचा खांब गाळात उभा होता. अलीकडं वडाचं वाळून पांढरं पडलेलं खोड होतं. दोन बिंदू. दुसरी रेषा बाईंकडं होती.

"जोतीराम, फावडं घे!"

"आता? अवो, सारं रान खनून झालं की!"

सर ऐकत नव्हते. काठ्यांच्या रांगेवरून ते चालायला लागले, पायाखाली न बघता, मान पुलाकडं वळवून. एका भेगेत पाय गेला, चप्पल तिथंच राहिली. खोड आणि खांब अजून एकमेकांपासून लांब होते. मग जवळ आले. आणखी जवळ. एका काठीच्या जरा पुढं खोडानं खांब पुरता झाकला. सर थांबले.

"इथं."

जोतीरामनं गुडघाभर गाळ उपसला आणि फावडं टणकन वाजलं. दोघांनी हातांनी माती काढली. गोल, काळं, आत गाळानं गच्च भरलेलं. काठाला एक टवका उडालेला. सुमितनं लहानपणी मुसळ आपटून उडवला होता, आणि बाईंनी त्याला धपाटा घालून नंतर स्वतःच रडून घेतलं होतं. सरांनी टवक्यावरून बोट फिरवलं. त्यात अडकलेला गाळ नखानं काढला.

"ह्येच व्हय?" जोतीरामनं आत हात घालून चाचपलं. "हंडा न्हाय?"

"नाही."

"निस्तं उखाळ?"

"हो."

जोतीरामनं यावर बराच विचार केला. मग कळशी भरून आणली आणि उखळ आतून घासून, धुवून काढलं. हलवून पाहिलं, पण चुना अजून पक्का होता. सर उखळाला वळसा घालून पलीकडं गेले आणि बाई बसायच्या तिथं, सडकेकडं तोंड करून, ओल्या गाळात हळूच बसले. गुडघे कुरकुरले. बाईंना रोज दिसायचं ते सगळं त्यांना पहिल्यांदा दिसलं: पूल, वड, त्यामागं उघडी पडलेली रिकामी सडक. पाठीला पाठ नव्हती, नुसता वारा लागत होता. सरांना फार एकटं वाटलं.

"उद्या टॅक्टर आनतो, उपसून काडू," जोतीराम म्हणाला. "कडुसं पडाय लागलं. निघा आता, सर."

"थांब जरा," सर पुलाकडं बघत म्हणाले, "अजून वडाआड गेली नाही."